ग्राइंडर, चिलीम, कागद, सुई: नुसतं साहित्य सापडलं तर गुन्हा होतो का?

नीलमोहर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते, लिहिते फार कमी. आज लिहायला बसले, कारण कालपासून डोकं चालेनासं झालंय.

माझा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा, वय १९. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहतो. बहीण आणि भाऊजी बीड जिल्ह्यात, म्हणून स्थानिक पालक म्हणून कागदावर सही माझी. काल दुपारी रेक्टरांचा फोन आला. खोल्या तपासल्या, तेव्हा याच्या कप्प्यात धातूचा एक गोल ग्राइंडर (पाला चुरायचा), वळायच्या कागदाची दोन पाकिटं (मुलं त्याला गोगो म्हणतात, हे मला काल कळलं) आणि पुठ्ठ्याच्या लहान पट्ट्या मिळाल्या. गांजा किंवा दुसरं काही मिळालं नाही. वस्तू त्यांनी कपाटात कुलूपबंद केल्या आहेत. सोमवारी समिती बसणार आहे आणि "गरज वाटली तर पोलिसांना कळवू" असं ते म्हणाले.

भाचा म्हणतो, मी तंबाखू वळून ओढतो. मला हे पूर्ण खरं वाटत नाही. पण खोटं आहे असं तरी कशाच्या जोरावर म्हणू?

बहिणीला अजून सांगितलेलं नाही. आधी एवढंच कळू दे: अशा वस्तू नुसत्या जवळ असणं हा आपल्याकडे गुन्हा आहे का? नेटवर जे सापडतं ते सगळं अमेरिकेतलं.

तिसरा मजला

ताई, आधी पोराला घरी आणा. त्याच्या मोबाइलमधले सगळे मेसेज पुसून टाका, मित्रांचे नंबर काढून टाका. बाकीचं मग बघू.

वरंधा

तिसरा मजला, तुम्ही काळजीपोटी सांगताय हे समजतं, पण कृपया हे करू नका. गुन्हा घडलाय हे ठाऊक असून किंवा तसं मानायला कारण असून पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आज मुलाविरुद्ध काहीच नाही. त्याला हे नवं लोढणं कशाला?

नीलमोहर ताई, मी १७ वर्षं फौजदारी बाजूला वकिली करतो. सरळ उत्तर देतो.

आपल्याकडे अमली पदार्थांचा मुख्य कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस. त्यात सेवनाचं साहित्य जवळ बाळगण्यासाठी वेगळं कलमच नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ते आहे, म्हणून नेटवर शोधलं की तेच वर येतं. आपला कायदा पदार्थाला आणि कृतीला धरतो: पदार्थ पिकवणं, बनवणं, जवळ ठेवणं, विकणं, नेणं, सेवन करणं. कोरा ग्राइंडर, कोरे कागद, न वापरलेली चिलीम यांवर एनडीपीएसचा गुन्हा उभा राहत नाही.

कायद्यात साहित्याचा उल्लेख आहे, पण तो दुसऱ्या कारणासाठी. कलम ५४ वाचा. पदार्थ तयार करण्यासाठी खास बनवलेलं उपकरण किंवा खास जुळवलेली भांडी कुणाकडे सापडली आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर न्यायालय गुन्ह्याचं अनुमान काढू शकतं. यात भर 'तयार करण्या'वर आहे, 'ओढण्या'वर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीत मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना पकडला गेला. तसल्या ठिकाणची यंत्रसामग्री हा या कलमाचा खरा विषय. मग कलम ६०: गुन्हा घडला असेल तर ज्या साधनांनी तो घडला ती सरकारजमा होऊ शकतात. म्हणजे आधी गुन्हा हवा, साधन त्याच्या मागून येतं.

आता काळजीचा भाग. ग्राइंडर वापरलेला असेल आणि त्याच्या दातांत गांजाचा चुरा अडकलेला असेल, तर तो चुरा म्हणजे पदार्थ झाला. कमी शिक्षेचं 'अल्प प्रमाण' म्हणजे किती याची वरची मर्यादा ठरलेली आहे, गांजासाठी १ किलो. खालची मर्यादा कायद्यात लिहिलेली नाही. चिमूटभर असला तरी कलम २० लागू शकतं: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सेवन सिद्ध झालं तर कलम २७: गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणून सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं: तो ग्राइंडर कोरा आहे की वापरलेला?

नीलमोहर

वरंधा, मनापासून आभार. तो वापरलेला आहे. रेक्टर फोनवर म्हणाले की "वास येतो".

रसायनशाळा

मी सरकारी प्रयोगशाळेत नव्हे, खाजगी ठिकाणी काम करतो, पण रसायन तेच. नाकाने वास घेणं हा पुरावा होत नाही. ग्राइंडरमध्ये जे चिकटून बसतं ते राळेसारखं असतं. ते द्रावकात धुवून घेतलं की अगदी थोड्या अंशातूनही गांजातलं मूळ द्रव्य ओळखता येतं. तंबाखूचं निकोटिन वेगळं दिसतं, दोन्ही असतील तर दोन्ही दिसतात. "तंबाखूच होती" हे खरं असेल तर तपासणी मुलाच्या बाजूने बोलेल, खोटं असेल तर तेही लपणार नाही. हे त्याला आजच नीट समजावून सांगा.

मिश्रणाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हिरा सिंग खटल्यात निकाल दिला की पदार्थात दुसरं काही मिसळलेलं असेल तर वजन सगळ्या मिश्रणाचं धरायचं. त्याआधी २००८ च्या एका निकालामुळे फक्त शुद्ध भागाचं वजन धरलं जाई. एलएसडी या भास घडवणाऱ्या रसायनात तर कागदच वजन वाढवतो. थेंब शोषलेला तो नखाएवढा कागदाचा तुकडा काही मिलिग्रॅमचा असतो आणि एलएसडीची अल्प मर्यादा आहे अवघी २ मिलिग्रॅम, व्यावसायिक (सगळ्यात कडक शिक्षेची) १०० मिलिग्रॅम. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं की तो कागद पदार्थाचाच भाग आहे, त्याचं वजन धरावं लागेल. म्हणजे तिथे साहित्य कुठे संपतं आणि पदार्थ कुठे सुरू होतो ही रेषाच राहत नाही.

बांधावरची बाभळ

मला यातलं काही कळत नाही, पण एक विचारतो. आमच्या आजोबांची मातीची चिलीम अजून देवळीत आहे. लाल मातीची, खाली ओल्या फडक्याची छापी गुंडाळून ते तंबाखू ओढायचे. गावात सगळ्याच म्हाताऱ्यांकडे असायची. पारावर एक चिलीम पाच जणांत फिरायची. आता पेपरात वाचतो, "चिलीम जप्त". मग आमची चिलीम ठेवायची का नाही? आजोबांची म्हणून आईने जपली आहे.

वरंधा

बाभळ काका, खुशाल ठेवा. चिलीम ही वस्तू म्हणून कुठेही बेकायदा नाही. पेपरातल्या बातमीत चिलमीबरोबर गांजाही असतो, गुन्हा त्या गांजाचा.

जुना ठाणेअंमलदार

३३ वर्षं खात्यात काढली, आता निवृत्त. वकीलसाहेबांनी कायदा बरोबर सांगितला. ठाण्यात काय होतं ते मी सांगतो.

अशा केसमध्ये पंचनाम्यात एक ठरलेलं वाक्य असतं: "सदर इसम चिलमीतून गांजासदृश अमली पदार्थाचे सेवन करताना मिळून आला." त्याखाली मुद्देमाल: एक मातीची चिलीम, जळका अंश असलेली, किंमत शून्य रुपये; एक लायटर; एक काडेपेटी. कलम ८ (क) सह २७. चिलीम इथे गुन्हा नाही, पुरावा आहे. पण किंमत शून्य लिहिलेल्या त्या चिलमीवरच सगळी केस उभी असते. नमुना रासायनिक विश्लेषकाकडे जातो, आरोपीला वैद्यकीय तपासणीला नेतात. विश्लेषकाचा (सी.ए.) रिपोर्ट नाही आला, मेडिकल नाही झालं, तर केस लंगडी.

झडतीचे नियम पक्के आहेत. अंगझडती घ्यायची असेल तर कलम ५० प्रमाणे, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे सांगावंच लागतं. १९९९ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात घटनापीठाने ते बंधनकारक ठरवलं. पण हा हक्क अंगावरच्या झडतीपुरता. पिशवी, दप्तर, कप्पा यांना कलम ५० लागत नाही. पोरांना वाटतं, बॅगेला हात लावायला साहेब हवा. तसं नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावं.

दारूचं बघा म्हणजे फरक कळेल. हातभट्टीवर छापा टाकला की महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ६५ (फ) लावायचो. दारू गाळायला ठेवलेलं पिंप, नळी, भांडी, रसायन, नुसती ती बाळगली तरी गुन्हा. तिथे तयार दारूचा थेंब नसला तरी चालतं. ग्लास सापडला म्हणून मात्र कुणाला धरलं नाही. बनवायच्या भांड्याला गुन्हा, प्यायच्या भांड्याला नाही. गांजालाही तोच न्याय.

पण ताई, माझं मत वेगळं आहे आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कलम लागत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. १९ वर्षांच्या पोराने पैसे देऊन ग्राइंडर घेतलाय. एखाद वेळी मित्राच्या हातून ओढणारा पोरगा ग्राइंडर घेत नाही.

वरंधा

साहेब, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. पण ते घरात बसून बोलायचं वाक्य आहे, समितीसमोर नाही. तिथे ते वाक्य मुलाविरुद्ध वापरलं जाईल.

तुम्ही सोडून दिलेली एक गोष्ट मला फार सलते, ती लिहितो. अशा लहान केसमध्ये पोरं गुन्हा कबूल करून मोकळी होतात. कोर्टात उभं केलं, कुणीतरी सांगितलं "कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी". काही हजार रुपये भरून ती हसत बाहेर पडतात. त्यांना वाटतं गाडीची पावती फाडली. ती दोषसिद्धी आहे. पासपोर्टला, सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला ती पुढे येते. माझ्याकडे एक मुलगा पोलीस भरतीत निवड झाल्यावर रडत आला होता. चार वर्षांपूर्वी त्याने एका दुपारी कबुली देऊन दंड भरला होता. ना त्याने वकील केला होता, ना घरी सांगितलं होतं. रासायनिक अहवाल तर आलेलाच नव्हता. अहवाल येण्याआधी कबुली! मी त्याच्यासाठी फारसं काही करू शकलो नाही.

जामिनाबद्दलही गैरसमज आहे. "थोडंसंच होतं, जामीन लगेच" असं धरून चालू नका. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत. अल्प प्रमाणाला कलम ३७ च्या कडक अटी लागत नाहीत, त्यामुळे न्यायालय सहसा जामीन देतं. पण तो मागावा लागतो, ठाण्यातून हक्काने मिळत नाही.

ऑस्टिनकर

अमेरिकेचं निघालंच आहे तर इथलं लिहितो, कारण भाच्याला उद्या एमएसला यायचं असेल तर याचा थेट संबंध आहे.

इथे साहित्याचे कायदे उगवले ते १९७९ नंतर. केंद्राच्या अमली पदार्थ खात्याने तेव्हा एक नमुना कायदा तयार केला, आणि बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने उचलला. केंद्राचा कायदा विक्री, टपालाने पाठवणं, आयात-निर्यात याला आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नुसतं जवळ बाळगणं हा राज्यांचा विषय. आमच्या टेक्सासात वापरासाठी साहित्य बाळगलं तर ५०० डॉलरपर्यंत दंड. ऐकायला किरकोळ. आणि रस्त्यावर बघाल तर दुकानादुकानांत काचेच्या रंगीत नळ्या मांडलेल्या, खाली पाटी "फक्त तंबाखूसाठी". कारण वस्तू तीच असली तरी हेतू बदलला की गुन्हा बदलतो. नळीत काय घातलं जाणार होतं हे ठरवताना कोर्ट बघतं की ती कशी मांडली, सोबत काय विकलं, कशी जाहिरात केली.

खरा धोका व्हिसाचा. 'मेलूली विरुद्ध लिंच' हा २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने वाचावा. ट्युनिशियाहून आलेला, ग्रीनकार्ड असलेला माणूस. कॅन्सस राज्यात पकडला, तेव्हा पायमोज्यात अॅडरॉल या नियंत्रित औषधाच्या चार गोळ्या होत्या. तडजोड म्हणून त्याने 'साहित्य बाळगल्याचा' किरकोळ गुन्हा कबूल केला. साहित्य कोणतं? तो पायमोजा! गोळ्या ठेवायला वापरला म्हणून. तेवढ्यावर त्याला देशाबाहेर काढलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताने तो आदेश चुकीचा ठरवला, कारण कॅन्ससच्या यादीत असे पदार्थही होते जे केंद्राच्या यादीत नाहीत. पण तोवर त्याची वर्षं गेली होती. म्हणजे वकीलसाहेब जे कबुलीचं सांगताहेत ते समुद्र ओलांडूनही तसंच आहे. शिवाय इथल्या व्हिसा कायद्यात नियंत्रित पदार्थांचा गुन्हा भारतात झाला असला तरी धरतात, आणि दोषसिद्धी नसताना अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीसुद्धा आड येऊ शकते.

मेघना_सिंगापूर

आमच्याकडची दोन वाक्यं. सिंगापूरच्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नियंत्रित पदार्थ ओढण्यासाठी, टोचण्यासाठी ठेवलेली नळी, सुई, भांडं जवळ असणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. गोव्याहून हौसेने आणलेली वापरलेली चिलीम बॅगेत राहिली तर ती इथे गंमत ठरणार नाही, हे इकडे फिरायला येणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवा.

दुपारचा_चहा

मधेच विचारते. मग व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं काय? आणि हुक्का? माझ्या मुलाच्या वर्गात निम्म्या मुलांकडे व्हेप आहे म्हणे, आणि तो शाळेत आहे.

वरंधा

तिथे उलट आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट या उपकरणावरच बंदी आणली: उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात. साठा सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याचा रोख धंद्यावर आहे, ओढणाऱ्या मुलासाठी वेगळं कलम नाही. तुम्ही दुकानदाराचं नाव शोधा. हुक्क्याचं म्हणाल तर मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने तंबाखू कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. बंदी पार्लरवर आहे, घरातल्या पितळी हुक्क्यावर नाही.

अबोली

इतका वेळ सगळे चिलीम आणि कागदावर बोलताहेत. शीर्षकात सुई आहे, तिच्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते.

मी नर्स आहे. मुंबईत सुईने नशा करणाऱ्यांसाठीच्या केंद्रात बरीच वर्षं काम केलं. रुळांच्या कडेला, पुलाखाली आम्ही नव्या सुया घेऊन जायचो, वापरलेल्या जाड डब्यात गोळा करायचो. लोक शिव्या द्यायचे, "तुम्हीच नशा पुरवता". एक मुलगा होता, विशीतला. त्याच्याकडे स्वतःची सुई कधीच नसायची. का, विचारलं तर म्हणाला, "सिस्टर, खिशात सुई सापडली की पहिली कानाखाली पडते, मग प्रश्न विचारतात." म्हणून तो ऐन वेळी दुसऱ्याची घ्यायचा. पुढे तो एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. सुई बाळगणं तेव्हाही गुन्हा नव्हता. पण हे त्याला कोण सांगणार? आणि समोरच्या हवालदाराला कोण?

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २२ सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं. एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी जे केलं जातं, त्यात सुरक्षित इंजेक्शनचं साहित्य पुरवणंही आलं, ते दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही लिहिलं असलं तरी गुन्हा मानता येणार नाही, असं ते कलम म्हणतं. हा कायदा माणसाला जगवायला निघालेला आहे. साहित्य बाळगणं गुन्हा करा अशी मागणी अधूनमधून होते. ती करणाऱ्यांनी त्या मुलाचा विचार करावा. सुई काढून घेतली म्हणून नशा थांबत नाही, सुई दोघांत जाते.

जुना ठाणेअंमलदार

सिस्टर, तुम्ही सांगितलेलं आमच्या काळात घडायचं, नाकारत नाही. मीही तसं वागलो असेन. आम्हाला 'गर्दुल्ला' एवढाच शब्द माहीत होता. २०१७ चं कलम मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा आज ऐकलं.

धाकटा

मी इथे सहसा वैयक्तिक लिहीत नाही.

माझा मोठा भाऊ गर्दच्या (हेरॉइनच्या) व्यसनात गेला. आईला आधी काय सापडलं होतं माहितीय? स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद लवकर संपायला लागला. मग गादीखाली जळके, काळ्या रेघा पडलेले तुकडे. तिला वाटलं काहीतरी कॉलेजचा प्रयोग असेल. वडिलांनी एका ओळखीच्या वकिलांना विचारलं, ते म्हणाले "यात काही केस होत नाही". खरंच होत नव्हती. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

वरंधा, तुमच्यावर रोख नाही. तुम्ही जे सांगताय ते बरोबरच आहे. पण नीलमोहर ताई, "गुन्हा नाही" हे उत्तर मिळाल्यावर तुमच्या छातीवरचा दगड खाली येईल, तेव्हाच थांबू नका. आम्ही नेमके तिथे थांबलो.

वरंधा

धाकटा, हे लिहिल्याबद्दल तुमचे ऋण आहेत.

याला जोडून एक कलम सांगतो, माझ्या व्यवसायातले पुष्कळ जणही ते वापरत नाहीत. एनडीपीएसचं ६४ अ. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर तिच्यावर खटला चालत नाही. अट एकच: उपचार पूर्ण करायचे, मधे सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. दंड भरून कबुली देण्यापेक्षा हा रस्ता किती चांगला! पण त्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो, आणि ज्याला तो करायचा असतो त्याला अशी वाट आहे हेच माहीत नसतं.

तुमच्या भाच्यावर आज आरोपच नाही, त्यामुळे ६४ अ ची गरजही नाही. तो डॉक्टरांकडे गेला तर माहिती गोपनीय राहते, मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ तसं सांगतं. समितीसमोर मात्र लेखी काही देण्याआधी मला किंवा कुठल्याही वकिलाला मजकूर दाखवा. "मी गांजा ओढतो" असं लिहून घेऊन मग "आता प्रकरण मिटलं" म्हणणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. तो कागद फाइलमध्ये राहतो.

अबोली

आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, टोल फ्री. नातेवाइकांनीही करावा. मुलगा यायला तयार नसेल तर त्याच्याशी कसं बोलायचं, हेही विचारता येतं.

नीलमोहर

चार दिवसांनी लिहिते आहे. तुम्हा सगळ्यांचं लेखन मी रविवारी रात्री दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा भाच्याला शेजारी बसवून.

धाकटा, तुमचा प्रतिसाद तो वाचत होता तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं नाही, मुद्दामच. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, तंबाखू अर्धी असते." जूनपासून. आधी शनिवारी, आता आठवड्यातून चारेकदा. ग्राइंडर ऑनलाइन मागवला होता, पाकिटावर 'मसाल्यासाठी' लिहिलेलं होतं. मी रागावले नाही. रडू आलं, ते आवरलं नाही.

सोमवारी समितीसमोर वरंधांनी सांगितल्याप्रमाणे मजकूर तयार करून नेला. "प्रतिबंधित वस्तू खोलीत ठेवून वसतिगृहाचा नियम मोडला" एवढंच त्यात कबूल केलं, आणि समुपदेशन घेण्याची तयारी दाखवली. एका सदस्याने आणखी लिहून द्या म्हणून आग्रह धरला. मी हात जोडून नाही म्हटलं. पोलिसांत गेले नाहीत. एका सत्रासाठी वसतिगृह बंद, तो माझ्याकडे राहणार. समितीने वस्तू स्वतःजवळच ठेवल्या, आम्ही परत मागितल्या नाहीत.

बहिणीला काल सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो केसबद्दल नव्हता. "तो जेवतो का नीट?" म्हणाली. उद्या दोघं निघताहेत.

अबोली, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गुरुवारची ओपीडी आहे असं कळलं. तो यायला तयार आहे, पण आत मी बसू की बाहेर थांबू? त्याला काय बरं वाटेल ते कळत नाही.

अबोली

पहिल्यांदा आत जा, पाच मिनिटं, म्हणजे त्याला दार उघडावं लागणार नाही. डॉक्टर विचारायला लागले की तुम्हीच उठा आणि "मी बाहेर आहे" म्हणा. केसपेपर काढायला सकाळी आठला रांग लागते, डबा बरोबर घ्या. आणि बहिणीला सांगा, गाडीतून उतरल्या उतरल्या त्याला काही विचारू नका, आधी त्याच्या ताटात वाढा.

बांधावरची बाभळ

ताई, बीडहून येणारी मंडळी आमच्या गावावरूनच येतील. लागलं तर थांबायला घर आहे. आईला सांगून ठेवलंय.